वावर सांभाळून छंद: विणकाम, वेशभूषा आणि चालणं रोजच्या कामात बसवायची रीत

गुढीपाडव्याला वहीत वेळापत्रक लिहिलं जातं. पहाटे पाचला फिरायला, दुपारी क्रोशा, रात्री जेवणं आटोपली की शिवण. महिना-दीड महिना ते चालतंही. मग मृग लागतो, पेरणीची धांदल उडते आणि बूट कोनाड्यात जातात. कापून ठेवलेलं ब्लाउज पिशवीतच राहतं, अर्ध्या रुमालाची सुई कुठं गेली ते कोणालाच ठाऊक नसतं. ‘आपल्याच्यानं नाही होत बाप्पा’ म्हटलं की विषय संपला.

होतं. फक्त क्रम उलटा लागलेला असतो. आपण आधी छंद निवडतो, मग सामान आणतो आणि शेवटी वेळ शोधत बसतो. शेतीवर चालणाऱ्या घरात आधी वर्षातली मोकळीक पाहायची, ती कशा प्रकारची आहे ते पाहायचं, तिच्यात मावेल तेवढंच काम धरायचं आणि सामान सगळ्यात शेवटी आणायचं. खालचे टप्पे त्याच क्रमानं आहेत. दुसरा टप्पा बहुतेक जणी गाळतात आणि गाडी तिथंच अडते.

टप्पा १: आधी वर्ष मांडा, दिवस नंतर

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि पेन्सिलीनं बारा महिन्यांवर तीनच खुणा करा. काम अंगावर असतं तिथं फुली, अधूनमधून मोकळीक मिळते तिथं अर्धी फुली, आणि दुपारच्या दुपार मोकळी असते तिथं गोल.

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात, म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाण्याकडे, हे चित्र साधारण असं निघतं:

जून-जुलै: पेरणी, खत, निंदण, डवरणी. फुली.
ऑगस्ट-सप्टेंबर: पोळा, गणपती, महालक्ष्म्या. वावरातलं काम जरा सैल, पण घरातलं वाढतं. अर्धी फुली.
ऑक्टोबर: सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. मोठी फुली.
नोव्हेंबर ते जानेवारी: कापूस वेचणी, तिच्या मागोमाग तूर. दिवसा फुली, संध्याकाळी अर्धी.
फेब्रुवारी-मार्च: हरभरा-गव्हाचे दिवस सोडले तर गोल.
एप्रिल-मे: वावर रिकामं, पण वाळवण, लग्नं आणि ऊन. दुपारी घरात गोल, सकाळी पापड-कुरडया.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्वेकडे धान आहे, तिथं जुलै-ऑगस्टमधली रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी-बांधणी या दोन मोठ्या फुल्या. त्यानंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. तोही कॅलेंडरवर लिहा. नाटक रात्रभर चालतं, त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात काहीही टाकायचं नाही. तालमीला जाणाऱ्यांनी तर नाटक हाच त्या महिन्यांचा छंद धरावा आणि बाकीचं बांधून ठेवावं.

शेजारणीचं कॅलेंडर उतरवून घेऊ नका. तिच्याकडे ओलीत असेल तर तिचा फेब्रुवारी तुमच्यासारखा नसतो. आणि कृषिपंपाची वीज रात्री असते त्या आठवड्यात पाणी ओलायला घरातलं माणूस जागतं. त्या आठवड्यात सकाळचं चालणं होत नाही, हे आधीच गृहीत धरा.

*तपासा:* बारापैकी निदान दोन महिन्यांवर गोल निघाला पाहिजे. एकही गोल नसेल तर पसाऱ्याचं काम यंदा धरू नका. पुढचा टप्पा वाचून फक्त झोळीतलं काम निवडा.

टप्पा २: छंदांची वाटणी कामाच्या स्वभावावर करा

आपण छंद नावावरून मोजतो: शिवण, विणकाम, भरतकाम, रुखवत, फिरणं. ही यादी बाजूला ठेवा आणि प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: दारात कोणी हाक मारली तर हे आहे त्या जागी सोडून उठता येतं का?

*झोळीतलं काम.* लगेच सोडता येतं, मांडीवर मावतं, डोकं गुंतवावं लागत नाही. क्रोशाचे चौकोन, बटणं-हूक लावणं, ठिगळं, मण्यांचं तोरण, काज.

*पसाऱ्याचं काम.* जमीन किंवा बाज अडते, कात्री उघडी असते, अर्ध्यात सोडलं तर बिघडतं. कापड बेतणं-कापणं, वाकळीचे थर लावणं, रुखवताचा पुठ्ठा कापून चिकटवणं, रंगकाम.

*पायाचं काम.* घराबाहेर पडावं लागतं आणि वेळ उजेड-उन्हावर ठरते. चालणं त्यात आलंच. खंजिरी भजनाचा सराव, तालीम हेही याच खान्यात, कारण तिथं इतर माणसांची वेळ पाळावी लागते.

नावावर जाऊ नका, कारण एकाच छंदात दोन्ही प्रकार सापडतात. क्रोशाचा साधा चौकोन झोळीतला. साखळ्या मोजून करायचा नक्षीचा गोल रुमाल मात्र पसाऱ्याचाच समजा, मांडीवर मावत असला तरी. चाळीस साखळ्यांपर्यंत मोजून झालं आणि दूधवाला आला की पुन्हा एकपासून. त्याउलट शिवणाचं कापणं पसाऱ्याचं असलं तरी हातशिलाई आणि तुरपाई झोळीतली. काम असं तोडायला शिकलात की अर्धी अडचण मिटते.

आता वहीचं एक पान घ्या, वर ‘चालू काम’ लिहा आणि खाली तीनच ओळी आखा: झोळी, पसारा, पाय. प्रत्येक ओळीत एकच काम. चौथी ओळ आखायची नाही. नवीन काम धरायचं तर त्या ओळीतलं जुनं एक तर पुरं करा, नाही तर उसवा, नाही तर ज्याला हवं त्याला देऊन टाका.

*सावध:* मोबाइलवर विणकामाचे व्हिडिओ पाहणं हा स्वतंत्र छंद आहे. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण सुई हातात न घेता पाहिलेला तास विणकामाच्या खात्यात धरू नका. पाहायचंच तर आत्ता अडलेला टाका पाहा आणि बंद करा.

टप्पा ३: झोळी आणि पेटी

सामान आता. तेही ‘चालू काम’च्या पानावर लिहिलंय तेवढ्याचंच. नागपूरच्या इतवारीत किंवा तालुक्याच्या बाजारात स्वस्त दिसलं म्हणून घेतलेली लोकर हे अर्धवट कामांचं पहिलं कारण आहे. आठवडी बाजारात दोरा आणि बटणं मिळतात. रंग जुळवायचा असेल तर मात्र सगळा दोरा एकदम घ्या, पुढच्या फेरीला तीच छटा मिळेलच असं नाही.

झोळी म्हणजे तोंड आवळता येणारी लहान कापडी पिशवी. तिच्यात एका कामाचं सगळं आणि दुसऱ्या कामाचं काहीही नाही: सुई, लहान कात्री, लागेल तो दोरा, दोन सेफ्टी पिना, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा आणि एक चिठ्ठी. ती खुंटीला अडकवा, पोरांचा हात पोचणार नाही अशी. दवाखान्यात, एस.टी.च्या थांब्यावर, बचत गटाच्या बैठकीत हीच झोळी सोबत न्यायची.

काम थांबवताना तीन गोष्टी करायच्या आणि याच क्रमानं:

१. क्रोशाचा शेवटचा फास मोठा ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवा. सुई फासात ठेवून उठलात तर ती निसटणार आणि चार टाके उसवणार.
२. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. पुढच्या वेळी फेरी कुठून सुरू झाली ते शोधावं लागत नाही.
३. चिठ्ठीवर पुढचं पाऊल लिहा, झालेलं नाही. ‘सातवी फेरी झाली’ असं लिहिलं तर तीन आठवड्यांनी त्याचा उपयोग नसतो. ‘आठवी फेरी: प्रत्येक कोपऱ्यात दोन खांब जास्त’ असं लिहा.

यात मिनिटही जात नाही, आणि ते न केल्यानं काम पुन्हा हाती घ्यायचा कंटाळा येतो.

पसाऱ्याच्या सामानाला घट्ट झाकणाची पत्र्याची पेटी किंवा जाड प्लास्टिकचा डबा घ्या. पोतं किंवा पुठ्ठ्याचा खोका नको. कापूस घरात भरला की उंदीर येतात आणि लोकर त्यांना फार आवडते. तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. डांबराच्या गोळ्या टाकत असाल तर लहान लेकरांच्या आवाक्याबाहेर, आणि कापड वापरण्याआधी वाऱ्यावर टाका. पावसाळ्यात ओलसर कापड पेटीत गेलं की कुबट वास धरतं आणि काळे ठिपके पडतात, ते मग जात नाहीत. वाकळीसाठी जुनी लुगडी धुऊन वाळवायची ती मार्च-एप्रिलात. श्रावणात हे काम काढूच नका.

काळ्या किंवा गडद कापडावरची शिलाई दिवसा उजेडातच करायची. रात्री दिव्याखाली पांढरं, पिवळं, फिकट. लाइन जाते म्हणून पाय-मशीन चांगली असं म्हणतात ते खरं, पण अंधारात पाय-मशीनवरही टाका दिसत नाही.

टप्पा ४: चालणं

इथं एक गोष्ट पक्की करा: वावरात दिवस गेला त्या दिवशी वेगळं चालायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि निंदण-वेचणीच्या दिवसांत ती केव्हाच होऊन जाते. त्या दिवशी कंबर दुखते ती वाकून. घरी आल्यावर पाचेक मिनिटं पाठ जमिनीला टेकवून पडा, गुडघे छातीशी घ्या, पुरे. ‘रोजचा नेम मोडला’ असं मनाला लावून घेणाऱ्यांचंच चालणं कायमचं बंद पडतं.

चालायचे महिने म्हणजे तुमच्या कॅलेंडरवरचे गोल आणि अर्ध्या फुल्या. सुरुवात फेब्रुवारीत करा. मे महिन्यात पहिल्यांदा बूट घालणं ही नेहमीची चूक. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो आणि सवय नसलेलं शरीर पहिल्याच आठवड्यात थकतं.

वेळ घड्याळानं नका ठरवू, उजेडानं ठरवा. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत पावणेसात-सात होतात. वर्षभर ‘पहाटे पाच’ धरलं तर निम्मं वर्ष तुम्ही अंधारात चालता. उन्हाळ्यात उजाडताच निघून सातच्या आत घरी या. हिवाळ्यात सूर्य वर आल्यावर निघा.

रस्ता निवडताना:

१. कोरड्या दिवसांत पांदण उत्तम. पाऊस पडला की काळी माती चपलेला किलोभर चिकटते आणि पाय मुरगळतो. तेव्हा शाळेच्या मैदानाच्या फेऱ्या किंवा डांबरी रस्ता.
२. डांबरी रस्त्यानं जाताना उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. फिकट रंगाचं काहीतरी अंगावर असू द्या. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या बाहेरपर्यंत भरलेल्या असतात. त्या आल्या की रस्ता सोडून उभं राहा.
३. अंतर मोजायला किलोमीटरचे दगड आहेत. दहा-बारा मिनिटांत एक किलोमीटर म्हणजे चाल चांगली. गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग ठेवा.

सोबत तिघींची असावी. दोघींत एक आली नाही की दुसरीही घरी बसते. ठरल्या जागी दोन मिनिटं वाट पाहायची आणि निघायचं, मग ती वहिनी असो की सरपंचबाई. दहा मिनिटं वाट पाहणारा गट महिनाभरात मोडतो.

*सावध:* पावसाळ्यात गवताच्या कडेनं नाग, घोणस, मण्यार सगळे असतात. बंद बूट, हातात काठी, उजेड कमी असेल तर टॉर्च. साप चावलाच तर घट्ट आवळून बांधणं, चिरा देणं, झाडपाला आणि मांत्रिक यांत वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता थेट दवाखाना. वाहन नसेल तर १०८.

*सावध:* ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल आणि ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत पहाटे आणि सांजेला जंगलाच्या कडेनं फिरायचंच नाही. ऊन वर आल्यावर, गावाच्या बाजूच्या रस्त्यानं, घोळक्यानं जा. वनविभागानं सूचना दिली असेल त्या दिवसांत अंगणात फेऱ्या मारा.

टप्पा ५: पसाऱ्याचं काम तारखेपासून मागं मोजा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून एक पूर्ण उदाहरण घेते: तान्हा पोळ्याला, म्हणजे लेकरं लाकडी नंदी ओढत मिरवतात त्या पोळ्याला, सहा वर्षांच्या लेकराचा गाडगेबाबांचा वेश.

आधी तारीख. पोळा पिठोरी अमावास्येला आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. तो दर वर्षी ऑगस्टातच येतो असं धरून चालू नका. चैत्र ते श्रावण यांत अधिक महिना आला की पोळा पुढं सरकतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्या वर्षी पोळा सप्टेंबरात.

तान्हा पोळ्याच्या आदल्या दिवशी मोठा पोळा, म्हणजे बैलांचा साज आणि पुरणपोळ्या. त्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी, म्हणजे बैलांचे खांदे शेकायचे. या दोन दिवसांत सुईला हात लागत नाही. म्हणजे तुमची खरी तारीख खांदशेकणीच्या आदल्या दिवसाची आहे. रात्री अकराला पिठाच्या हातानं टाके घालणाऱ्या आया दर वर्षी दिसतात, त्या सगळ्यांनी तान्हा पोळ्याची तारीख धरलेली असते.

आता मागं मोजत या.

*चार आठवडे आधी: कोण व्हायचं ते ठरवा, लेकराला विचारून.* त्याला वाघ व्हायचं असेल तर गाडगेबाबा करून उपयोग नाही, मिरवणुकीत रडणार. ठरलं की वेशाच्या खुणा लिहून काढा: चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर गाडग्याचं खापर, हातात खराटा, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच.

आणि इथंच हात मोजा. लेकराच्या एका हातात लाकडी नंदीची दोरी असणार. दुसरा एकच उरतो. खराटा, गाडगं आणि दोरी अशा तीन वस्तू दोन हातांत मावत नाहीत, हे मिरवणूक निघाल्यावर लक्षात येतं आणि मग आई मागून गाडगं घेऊन चालते. गाडगं डोक्यावर बांधलं की प्रश्न सुटतो, आणि बाबांच्या वेशाला ते धरूनही आहे. तिसरी गोष्ट खिशाची: पोरं घरोघर बोजारा मागणार, पैसे ठेवणार कुठं? अंगरख्याला आतून खिसा लागतोच.

*तीन आठवडे आधी: कापड.* नवीन कापड आणू नका. मोठ्या भावाचा जुना सदरा पाया म्हणून घ्या. छातीच्या घेरापेक्षा पाच-सहा इंच सैल असला पाहिजे. सदरा नसेल आणि मांजरपाट घेणार असाल तर रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढा, वाळवा आणि मगच कापा. न भिजवता शिवलेलं मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं. फार पांढरं वाटलं तर चहापत्तीच्या उकळलेल्या गाळीव पाण्यात मूठभर मीठ घालून तासभर बुडवा. या दिवसांत वाळायला दोन दिवस धरा.

*त्याच आठवड्यात, एक दुपार: पसारा.* ठिगळं कापायची, सदऱ्यावर मांडायची, पिनांनी टोचायची. वाकळीतल्या उरलेल्या चिंध्या इथं कामी येतात. ठिगळांच्या कडा दुमडू नका, सुटे दोरे दिसायलाच हवेत. ठिगळांचे तुकडे एकमेकांना जोडून अंगरखा शिवायला जाऊ नका; शिवणी चौपट होतात आणि आत टोचतं. एवढं झालं की पसारा संपला.

*पुढचे दहा-बारा दिवस: झोळी.* टोचलेला सदरा घडी करून झोळीत टाका आणि मिळेल तेव्हा एकेक ठिगळ धावदोऱ्यानं शिवा. हे मशीनवर करायची गरज नाही, मोठे वेडेवाकडे टाकेच शोभतात. एक ठिगळ शिवलं की त्याची पिन काढून डबीत. शेवटी डबीतल्या पिना मोजायच्या. टोचल्या तितक्या निघाल्या पाहिजेत. एखादी पिन सदऱ्यात राहिली तर ती लेकरालाच टोचते.

*दोन आठवडे आधी: गाडगं.* खरं मडकं डोक्यावर नको. जड असतं, आणि पोरगं पडलं तर फुटून लागतं. फुगा डोक्याच्या मापाचा फुगवा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून फुग्याच्या निम्म्या भागावर चिकटवा. चार-पाच थर, आणि प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा नाही. बहुतेक जण एका बैठकीत पाचही थर लावतात आणि आठवड्याभरानं आतून बुरशी निघते. कणकेची खळ या दमट हवेत तर आणखीच लवकर खराब होते, मुंग्या येतात ते वेगळं. चुलीच्या जवळ ठेवा, चुलीवर नको. वाळलं की फुगा फोडा, कड ओबडधोबड कापा, गेरूचा हात द्या आणि गेरू झडू नये म्हणून वरून पातळ फेविकॉल. दोन भोकं, त्यातून जुन्या साडीची पट्टी, हनुवटीखाली सैल गाठ.

*कान.* कवडी दोऱ्यात ओवून कानावरून अडकवा. काच लावायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा हिरव्या रंगात रंगवला की लांबून तसाच दिसतो. दाढी चेहऱ्याला चिकटवू नका, घामानं खाज सुटते. लोकर इलॅस्टिकवर शिवून कानामागून घाला.

*पाच दिवस आधी: पूर्ण वेश घालून पाहा.* आरशासमोर उभं करून नव्हे. अंगणात पळवा, खाली बसवा, लघवीला पाठवा, पाणी प्यायला द्या, नंदी ओढायला लावा. खराट्याची काडी डोळ्याच्या उंचीला येत असेल तर खराटा आखूड करा. जे सैल होईल तिथं त्याच दिवशी टाका घाला.

*तपासा:* खांदशेकणीच्या सकाळी सगळा वेश एका पिशवीत, पिशवी खुंटीला. त्यानंतर त्यात सुधारणा नाही, कोणी कितीही चांगली कल्पना सांगितली तरी.

रुखवत, भुलाबाईची सजावट, स्नेहसंमेलनाचे कपडे, सगळ्याला हीच पद्धत लागते: शेवटचे व्यस्त दिवस वजा करा, पसारा एका दुपारीत उरका, उरलेलं झोळीत टाका. रुखवतासाठी एक सांगते, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पुठ्ठा, बांबूच्या पट्ट्या, सुतळी वापरा, टिकतंही जास्त.

टप्पा ६: घरातली बोलणी आणि फुकटची कामं

‘दिवसभर दोरे ओढून रायली’ हे वाक्य कोणत्याही घरात ऐकू येतं. त्यावर वाद घालण्यापेक्षा पसाऱ्याची दुपार आदल्या दिवशी सांगून ठेवा: ‘आत्याबाई, उद्या जेवणानंतर ओसरीत कापड पसरते, चारला उचलते.’ आणि चारला खरंच उचला. दोनदा शब्द पाळला की तिसऱ्यांदा लेकरू कडेवर घ्यायला आजीच पुढं होते. न सांगता ओसरी अडवली तर पाहुणा नेमका तेव्हाच येणार.

बाहेरची मागणी जास्त अवघड. काम चांगलं दिसलं की ‘आमच्या पिंकीच्या लग्नाला एवढं रुखवत करून दे नं वं’ सुरू होतं. नाही म्हणता येत नाही, कारण उद्या तिच्याच घरचा माणूस फवारणीला लागतो. म्हणून आधीच नियम करा आणि सगळ्यांना तोच सांगा: एका हंगामात एकच भेट. बाकीच्यांनी सामान आधी आणून द्यायचं. पैसे घेऊन करणार असाल तर किंमत अंदाजानं सांगू नका. गावात निंदणाची जी रोजी चालू आहे तिच्या हिशेबानं तास मोजा आणि सामानाचा खर्च वर धरा. आकडा ऐकून समोरची गप्प झाली तरी तो कमी करू नका. निंदणाइतकी रोजीही सुटत नसेल तर त्या वेळेत स्वतःची वाकळ शिवलेली बरी.

*सावध:* विकायला घेतलेलं काम ‘चालू काम’च्या पानावर त्याच तीन ओळींत बसलं पाहिजे. ऑर्डर आली म्हणून चौथी ओळ आखली की छंदही जातो आणि ऑर्डरही उशिरा होते.

टप्पा ७: फुलीच्या महिन्यांत बंद, नंतर पुन्हा सुरू

सोंगणी लागायच्या आठवडाभर आधी पसारा पूर्ण बांधा. पेटी बंद, चिठ्ठी वर. झोळी खुंटीलाच राहू द्या, लागली तर लागली.

तूर घरात आली की पेटी उघडा, आणि नवीन काही आणण्याआधी हे करा:

१. सगळं उन्हात टाका. कसर, उंदराचं कुरतडणं, डाग पाहा. गंजलेल्या सुया-पिना फेका, त्या कापडावर डाग पाडतात.
२. प्रत्येक अर्धवट कामाची चिठ्ठी वाचा. पुढचं पाऊल वाचून हात शिवशिवले तर ते ठेवा. लेकराच्या मापाचं स्वेटर असेल तर आधी लेकरू मोजा. वर्षात ते वाढलेलं असतं.
३. बाकीचं उसवा. अर्धवट काम पेटीत ठेवून पुढचं सुरू करणं म्हणजे चौथी ओळ चोरून आखणं.

उसवलेली लोकर नागमोडी होते आणि तशीच विणली तर टाके वेडेवाकडे बसतात. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत टांगा. खालच्या टोकाला हलकंसं वजन अडकवलं की वाळता वाळता सरळ होते. गोळा करताना घट्ट ओढू नका, बोटांवरून सैल गुंडाळा. ताणून गुंडाळलेल्या लोकरीचं विणलेलं पहिल्या धुण्यानंतर आखडतं.